एक हात, आठ बोटं

दौलतगंजात पुतण्याच्या मोबाइलच्या दुकानात
अर्ध्या शटरखाली माझं टेबल.
पाटीवर लिहिलंय: रेल, बस, टॅक्सी, विमान.
विमान आम्ही वर्षातून चारदा विकतो,
पण रंगाऱ्याने चारही शब्दांचे पैसे घेतले.

मार्चात एक म्हातारा आला, बेल्जियमचा, योरिस नावाचा.
गुडघ्याला पट्टा, पाठीवर नातवाला शोभेल अशी सॅक.
म्हणाला, तीन आठवडे आहेत, देश मोठा आहे, सांगा.

देश मोठा आहे हे सगळेच मला सांगतात,
जणू मीच शिवण उसवून तो सैल केलाय.

सांगितलं.
कन्याकुमारीला सरळ गाडी आहे, आठवड्यातून एकदा.
उतराल तोवर अख्ख्या डब्याला
तुमच्या सुनेचं नाव पाठ झालेलं असेल.
बस आहे झोपायची, झोपेची हमी नाही.
ओरछाला बबलू कुशवाहची टॅक्सी;
बबलू हॉर्नने बोलतो,
तोंड त्याचं गुटख्यात गुंतलेलं.
विमानाने गेलात तर लवकर पोचाल,
मधलं सगळं न बघता.
आणि आरएसी, म्हणजे अर्धी जागा:
बाजूच्या बाकावर समोरासमोर दोन माणसं,
रात्रभर अनोळखी पायांना आपले पाय.
परदेशी लोक ही घेत नाहीत.

डॉक्टरचं ऐकावं तसं त्याने ऐकून घेतलं.
मग सॅकमधून पुस्तक काढलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं,
आणि एका पानावर बोट ठेवलं.
छोटी लाइन. ग्वाल्हेर ते श्योपुर.
याचं द्या.

सत्त्याऐंशी साली तो तिच्या टपावर बसला होता.
ऊन, कोळशासारखं काळं झालेलं नाक, एक बकरी.
सुमावलीनंतर डोळा लागला.
जाग आली तेव्हा कैलारस आलं होतं
आणि कुणीतरी त्याचा घोटा धरून ठेवला होता,
तो घरंगळू नये म्हणून,
किती वेळ कोण जाणे.
चेहरा आठवत नाही, म्हणाला.
हाताला तिळगुळाचा वास होता.
गजक, मी म्हटलं. मुरैनाकडचा असेल.

मग सांगावं लागलं, ती बंद झाली.
लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच.
आता तिथे मोठी लाइन होतेय.
हे सांगताना सासऱ्यांची आठवण झाली,
नरहरराव डबीर, त्याच लाइनवर गार्ड.
टपावरच्या लोकांना ते जन्मभर शिव्या देत आले,
मराठीतून, म्हणजे कुणाला कळू नयेत.
योरिसलाही त्यांनी दिली असणार एखादी.

पुतण्याला टेबल सांभाळायला सांगितलं.
ई-रिक्षात आम्ही धरून सात जण, घोसीपुऱ्यापर्यंत.
फलाटावर गोवऱ्या वाळत होत्या.
गवतात रुळांचा एक तुकडा अजून होता,
न्यायचा राहिलेला, की विसरलेला.

त्याला वाकता येईना.
किती रुंद, त्याने विचारलं,
पुस्तकात आकडा छापलेला असूनही.
तेव्हा मी खाली बसले, पदर खोचला,
कोपर एका रुळावर टेकवलं, हात सरळ पसरला.
एक हात.
पुरेना. मग बोटं लावली. आठ.
बघणाऱ्या पोरांना वाटलं, बाईचं काही हरवलंय.

एवढीच? तो म्हणाला.
एवढीच.
घरात अठ्ठावीस वर्षं त्या गाडीची शिट्टी, डबा, दिवा,
आणि मी ती कधी मोजली नव्हती.

रिक्षाचे पैसे त्याने दिले असं मला वाटलं,
मी दिले असं त्याला.
रिक्षावाला गल्लीभर ओरडत मागे आला.

दुकानात आल्यावर गुरुवारचं पाहिलं.
दक्षिणेला आरएसी तेवढी शिल्लक होती.
नको असेल तर बस बघते, मी म्हटलं.
आरएसी, तो म्हणाला,
आणि पट्टा सोडून गुडघा चोळत बसला.

कमिशन चाळीस रुपये.
रजिस्टर ओढून लिहायला घेतलं
तर पानावर माझ्या कोपराचा गंज उमटला,
पुतण्या म्हणाला, काकू, हे काय लावून आलात.